तिसरा स्लॅश

बाळंतपणाची रजा संपवून मी राहनाळच्या गोदामात परत कामावर आले, तेव्हा माझ्या खुर्चीची उंची कोणीतरी बदलून ठेवली होती. मी ती खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. तरी नीट बसता येईना. खुर्चीत काही दोष नव्हता. घरी पडघ्याला माझी पाच महिन्यांची मुलगी सासूबाईंच्या मांडीवर होती, आणि सकाळी ती झोपेत असल्यामुळे मी तिला न उठवताच निघाले होते. हायवेवर बस मिळेपर्यंत वाटत होतं, आता उठली असेल. रांजणोली नाक्यावर ट्रेलरच्या मागे अडकलो तेव्हा वाटलं, आता नक्की उठली असेल आणि मला शोधत असेल.

आमचं ऑफिस म्हणजे गोदामाचाच पोटमाळा. लोकांनी ऑनलाइन मागवलेला माल खाली येतो, त्यावर पत्त्याचं लेबल चिकटतं आणि तो पट्ट्यावरून सरकत त्या त्या गाडीपर्यंत जातो. वर काचेच्या आड आम्ही पाच-सहा जण. मी तिथे प्रोग्रॅम लिहिते. बॅग ठेवून फोन काढला तेवढ्यात सर आले. सर म्हणजे आमच्या वरच्या मजल्याचे मॅनेजर, कायम हातात थंड झालेला चहा.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. बाळाची चौकशी करतील असं मला वाटलं. "काल कल्याण रोडचा सगळा माल कल्याणला गेला."

मला आधी कळलंच नाही. कल्याण रोड आमच्या भिवंडीतला. कल्याण गाव वेगळं, गाडीही वेगळी.

झालं होतं ते असं. गिऱ्हाइकं पत्ते कसेही लिहितात. राहनाळचंच राहानाल, रहनल, राहणाळ असं काय काय येतं. एकेक पत्ता हाताने दुरुस्त करत बसलं तर गाड्या सुटायच्या नाहीत. म्हणून मी रजेवर असताना दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने एक सोय करून दिली होती आणि मग तो नोकरी सोडून गेला होता. स्क्रीनवर एक रिकामी चौकट. तिच्यात बदलाची कमांड टाइप करायची: आधी इंग्रजी एस, मग स्लॅश, चुकीचा शब्द, स्लॅश, बरोबर शब्द, आणि शेवटी परत स्लॅश. `s/राहानाल/राहनाळ/`. एंटर दाबलं की त्या शिफ्टच्या सगळ्या पत्त्यांत जिथे जिथे पहिला शब्द असेल तिथे दुसरा येतो. पत्ते खरं तर इंग्रजी लिपीत असतात, मी इथे वाचायला सोपं म्हणून मराठीत लिहितेय.

आदल्या दिवशी कोणीतरी नुसतं `s/रोड/` एवढं लिहून एंटर दाबलं होतं. पुढचा शब्दच नव्हता. चौकटीने काही विचारलं नाही. पुढे काही दिलेलं नाही म्हणजे त्या जागी काहीच नको, असं तिने समजून घेतलं आणि सगळ्या पत्त्यांतून 'रोड' हा शब्द पुसून टाकला. कल्याण रोडचं कल्याण झालं आणि माल कल्याणच्या गाडीत चढला.

"कमांड चालवायच्या आधी ती तपासली गेली पाहिजे," सर म्हणाले. "अर्धवट असेल तर आत घ्यायचीच नाही. आज संध्याकाळपर्यंत होईल?"

"होईल," मी म्हणाले. त्या घडीला मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी होच म्हणाले असते, म्हणजे बोलणं संपून मला फोन बघता आला असता.

घरून काही आलेलं नव्हतं. मीच फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज आणि त्याच्यावर माझ्या मुलीचं रडणं.

"उठली हाय," सासूबाई म्हणाल्या. "बाटली तोंडाला लावली का मान फिरवते. तू नको काळजी करू. भूक लागली का घेईल."

मी फोन ठेवला आणि रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायला घेतलं. रेगेक्स म्हणतो आम्ही त्याला. मजकूर कसा दिसायला हवा याचा तो साचा असतो. मजकूर साच्यात बसला तर घ्यायचा, नाहीतर परत पाठवायचा. मी लिहिलं: सुरुवातीला एस, मग स्लॅश, मग स्लॅश सोडून कुठलीही अक्षरं, निदान एक तरी, मग स्लॅश, मग पुन्हा स्लॅश सोडून काहीही, ही जागा रिकामी राहिली तरी चालेल, आणि शेवटी तिसरा स्लॅश. एका ओळीचं काम. रजेआधी असलं काम मी डबा उघडता उघडता करायचे. त्या दिवशी मी प्रत्येक चिन्हानंतर फोन उलटा करून बघत होते.

साचा तयार झाला. अर्धवट कमांड टाकून पाहिली, लाल अक्षरांत 'अवैध कमांड' असं आलं. पूर्ण टाकली, गेली. मी तो साचा पत्ते दुरुस्त करणाऱ्या टेबलावरच्या चौकटीला लावला, फक्त चाचणीसाठी, खऱ्या लेबलांना हात न लावता. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. छाती दगडासारखी झाली होती. बेसिनवर वाकून दूध पिळून टाकताना मला इतकी चीड आली, की नळ सोडून मी त्याच्या आवाजात थोडी रडले. कोणाची चीड, ते मला सांगता आलं नसतं.

बाहेर आले तर ताई माझ्या खुर्चीशी उभ्या.

ताई पत्ते दुरुस्त करतात. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, भिवंडी गावातल्याच. आधी एका पॉवरलूमवाल्याकडे हिशेब बघायच्या, त्यामुळे मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत कधी जातात ते त्यांनाही कळत नाही. सगळ्या मजल्यावर सगळ्यात वेगाने टाइप करतात आणि सगळ्यात मोठ्याने बोलतात.

"हे तू बसवलंस ना?" त्या म्हणाल्या. "मघापासून मला अवैध, अवैध म्हणतंय. क्या लगा रखा है? मी काय चोरी केली?"

मी बघायला गेले. त्यांच्या स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली होती. एका गोदामाचा सर्व्हे नंबर लोक ११२/३ असा लिहितात, आणि आमच्या गाडीवाल्यांच्या यादीत तो ११२-३ असा आहे. ताई तो बदलत होत्या. आकड्यातच स्लॅश. तो कमांडचा स्लॅश नाही हे कळावं म्हणून त्याच्याआधी उलटा स्लॅश द्यायचा, हे त्यांना त्या आधीच्या प्रोग्रॅमरने शिकवलं होतं, आणि त्यांनी अगदी तसंच लिहिलं होतं: `s/११२\/३/११२-३/`. माझ्या साच्याला मात्र उलटा स्लॅश ठाऊकच नव्हता. त्याने चार स्लॅश मोजले आणि कमांड परत पाठवली.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. "साचाच कमी पडला. नीट करते."

त्या तरी हलल्या नाहीत. आवाज मात्र खाली आला, आणि तो खाली येतो तेव्हा काहीतरी खरं असतं.

"कालची ती कमांड माझी होती. तुला सांगितलं असेलच सगळ्यांनी."

मला कोणी सांगितलं नव्हतं.

"गाडीवाल्यांच्या यादीत रोडचं 'आरडी' आहे, तसं करत होते. अर्ध्यात लोडिंगवाला खालून ओरडायला लागला, गाडी नंबर सांगा, गाडी नंबर सांगा. त्याला उत्तर देताना बोट एंटरवर पडलं. बस. सर सगळ्यांसमोर बोलले. आणि आज बघते तर माझ्याच टेबलावर नाकाबंदी. म्हणजे काय समजायचं मी?"

नाकाबंदी तुमच्यासाठी नाही, बोट अवचित पडलं तरी कमांड जाऊ नये म्हणून आहे, असं मी सांगत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईंनीच स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "घे, घे. सासू आहे."

"न्हाय घेत गं," सासूबाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात सकाळचा धीर नव्हता. "चमच्याने दिलं, थुंकते. रडून रडून लाल झालीय. ऐक, तुझा दीर टेम्पो घेऊन कशेळीला निघालाय, रिकामे क्रेट टाकायला. मी तिला घेऊनच येते तिकडं."

"आई, इथे कुठे? हे गोदाम आहे."

"गोदाम असू दे न्हायतर काय असू दे. तिची आय हाय ना तिथं?" आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. आठवतं एवढंच, की मी खिडकीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून खिडकीपर्यंत जात होते आणि मधल्या मधल्या खेपेत रेगेक्स लिहीत होते. साच्यातल्या प्रत्येक जागी मी आता दोन पर्याय ठेवले: एकतर स्लॅश सोडून कुठलंही अक्षर, नाहीतर उलटा स्लॅश आणि त्याला चिकटून येणारं कुठलंही एक अक्षर. ताईंची ११२/३वाली कमांड टाकली. गेली. मला ते बरोबर वाटलं. दिराला फोन केला. "मानकोलीला आहे वहिनी, समोर कंटेनर आडवा झालाय, कोणी हलत नाही." मागून मुलीचा आवाज येत नव्हता. रडण्यापेक्षा ते न रडणं मला जास्त भयंकर वाटलं.

"झोपली असेल," ताई म्हणाल्या.

"किंवा दमली असेल."

"दमली की झोपतात. मला दोन आहेत." त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन टेबलावर ठेवला. "बस. नाहीतर मलाच चक्कर येईल तुला बघून."

शेवटी गेटवर गडबड ऐकू आली आणि मी जिना उतरत धावले. टेम्पो पासाशिवाय आत येणार नव्हता, म्हणून सासूबाई मुलीला पदराखाली घेऊन चालतच गेटपर्यंत आल्या होत्या. वॉचमन बिहारचा, भला माणूस, पण नियमाचा पक्का.

"माताजी, आपकी एंट्री नहीं है."

"माझी एंट्री ऱ्हाऊ दे. तिची कर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सरळ मुलीला त्याच्यासमोर धरलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्याने रजिस्टर बाजूला सारलं.

खाली पुठ्ठ्याचे घडी केलेले खोके ठेवायची एक खोली आहे. दाराला आतून कडी नाही. ताई पाठोपाठ आल्या होत्या. त्यांनी एक पुठ्ठा अंथरून मला बसवलं, सासूबाईंना पाणी दिलं, आणि स्वतः बाहेर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुलगी आधी प्यायला तयार नव्हती. रागावली होती. मान मागे टाकून माझ्याकडे बघत होती, जसं काही मी कोण ते ठरवायचं होतं. मग एकदम तोंड लावलं आणि इतक्या घाईने प्यायली, की तिला ठसका लागला. सासूबाईंनी तिच्या टाळूवर फुंकर घातली आणि त्याही खाली बसल्या. प्रवासाने त्यांचे पाय सुजले होते.

दारापलीकडून ताईंचा आवाज आला. "झालं का?"

"आत्ता कुठे घेतलंय."

"मग ऐक तोपर्यंत. मी फोनवर तुझी चाचणीची चौकट उघडलीय. उलटंसुलटं टाकून बघते. चालेल?"

चालेल म्हणाले. त्या एकेक कमांड मोठ्याने वाचत होत्या, पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून. "एस न लिहिता टाकली... नाही घेतली. शाब्बास. नुसते तीन स्लॅश... नाही घेतली. शेवटचा स्लॅश खाल्ला... नाही घेतली." सासूबाईंनी मला खुणेने विचारलं, ही काय करते? मी म्हणाले, माझं काम तपासतेय. त्यांनी मान हलवली, जणू पोळपाटावरची पोळी तपासावी तसंच हेही.

मग ताईंनी बाहेरून दारावर टकटक केली.

"अगं, हे बघ. एकशे बारा, उलटा स्लॅश, सीधा स्लॅश, तीन, स्लॅश. पुढे काहीच नाही. हे घेतलं की याने!"

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. `s/११२\/३/`. अर्धीच कमांड. कालच्यासारखीच. दुसरा शब्द नाहीच, आणि तरी साच्याने ती आत घेतली होती.

मी डोळे मिटले. मुलीचा गरम श्वास छातीवर लागत होता आणि डोक्यात ती ओळ उलगडत होती. रेगेक्स हट्टी असतं. एका वाटेने जमलं नाही तर मागे येऊन दुसरी वाट धरतं. मी त्याला सांगितलं होतं, स्लॅश सोडून कुठलंही अक्षर. पण उलटा स्लॅशही त्या 'कुठल्याही'मध्ये येतोच की. मग अडल्यावर त्याने उलट्या स्लॅशला साधं अक्षर मानलं, त्याच्या पुढच्या स्लॅशला दुभाजक मानलं, तीनला दुसरा शब्द मानलं, आणि शेवटच्या स्लॅशला तिसरा. सगळं जुळलं. पहिल्या पर्यायातून उलटा स्लॅश वगळायला हवा होता. एक चिन्ह कमी पडलं होतं.

"सापडलं!" मी ओरडले. मुलगी दचकली, रडायच्या बेतात आली, आणि मी घाईने तिला थोपटायला लागले.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "सापडलं तर सापडलं. पळून जातंय का?"

मला मात्र ते पळून जाईल असंच वाटत होतं. उजव्या हाताने मुलीला थोपटत मी डाव्या हाताच्या बोटाने बाजूच्या पुठ्ठ्यावरच्या धुळीत ते नवं रूप गिरवलं. मुलगी झोपली. मी तिला सासूबाईंकडे दिलं आणि वर पळाले. दुरुस्ती करायला जेमतेम मिनिटभर लागलं. यावेळी ती अर्धी कमांड परत आली आणि पूर्ण कमांड आत गेली.

ताईही वर आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी एक कमांड टाइप केली: `s/रोड//`. तिन्ही स्लॅश जागच्या जागी. चौकटीने ती गुपचूप घेतली.

"म्हणजे बघ," त्या म्हणाल्या. "काल बोट पडलं म्हणून झालं. उद्या मी नीट, कायद्यात बसेल असं लिहून तेच केलं, तर तुझी नाकाबंदी सोडणार मला."

"हो," मी म्हणाले. "कमांडचा आकार बरोबर आहे की नाही एवढंच याला कळतं. तुम्हाला काय म्हणायचंय ते नाही कळत." कधीकधी शब्द पुसायचाच असतो. पत्त्यात लोक फुल्या टाकतात, 'लवकर पाठवा' लिहितात. म्हणून दुसरी जागा रिकामी ठेवायची मुभा काढून टाकता येत नव्हती.

"मग सरांना सांग ना तसं. नाहीतर उद्या परत काही झालं तर म्हणतील, चेक बसवलाय तरी ही चुकते."

मी त्यांना घेऊनच सरांकडे गेले. सांगितलं, साचा तयार आहे, पण नुसत्या साच्याने भागणार नाही. एंटरनंतर लगेच बदल होता कामा नये. आधी किती पत्ते बदलणार आणि बदलल्यावर ते कसे दिसणार, हे दाखवावं, आणि माणसाने पुन्हा हो म्हटल्यावरच पुढे जावं. सर म्हणाले, काम वाढतं. ताई म्हणाल्या, "कल्याणहून गाडी परत आणायला कमी काम पडलं का सर?" सरांनी चहाचा घोट घेतला, तो थंड होता, आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या आठवड्यात करा." ते 'करा' आम्हा दोघींना होतं. कालच्याबद्दल ते ताईंना काही बोलले नाहीत. सगळ्यांसमोर बोलल्याबद्दल त्यांनी काहीतरी म्हणावं, याची ताई वाट बघत होत्या, असं मला वाटलं.

'अवैध कमांड' ही लाल ओळ मी त्याच दिवशी काढली. तिच्या जागी काय लिहायचं ते ताईंनी सांगितलं: 'तिसरा स्लॅश राहिला, बघा', 'एस राहिला, बघा'. एक साचा सगळ्याला पुरेना, म्हणून प्रत्येक चुकीसाठी वेगळा छोटा साचा करावा लागला. ते काम मला आवडलं. त्या दिवसातलं तेवढंच मी एका जागी बसून केलं.

दीर कशेळीहून परतताना सासूबाईंना आणि मुलीला घेऊन गेला. गेटपाशी सासूबाई म्हणाल्या, "उद्या न्हाय यायची मी. कंबर राहिली न्हाय." टेम्पो वळला तेव्हा मुलगी झोपेतच होती. म्हणजे दुसऱ्यांदाही मी तिला न सांगताच मागे राहिले.

पुढचे दिवस असेच गेले. ऑफिसात मी घरच्या फोनची वाट बघायचे, आणि घरी मुलीला पाजताना डोक्यात कमांडी चालायच्या: उलटे स्लॅश, दोन उलटे स्लॅश एकापुढे एक, तेव्हा काय होईल? नवरा म्हणायचा, "कुठे आहेस?" मी म्हणायचे, इथेच. दोघांनाही ते खरं वाटायचं नाही. बदललेले पत्ते आधी दाखवणारा तो स्क्रीन आम्ही केला. ताई त्याच्याकडेही संशयानेच बघतात, पण हो म्हणायच्या आधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी.

एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. मी धसकून उचलला.

"प्यायली," त्या म्हणाल्या. "अख्खी वाटी. तुझ्या सासऱ्यांनी पाजली. ते शेतावरनं आले, हातपाय धुतले, वाटी घेतली नि तिच्याशी बोलत बसले. बैलाशी बोलतात तसं. न् ती पीत गेली. आमच्या कोणाकडनं घेतलं न्हाय, त्यांच्याकडनं घेतलं."

मागे मुलीचं हसणं ऐकू येत होतं. सासऱ्यांचा आवाजही, अगदी हळू, काय म्हणत होते ते कळत नव्हतं.

"ऐकते हायस ना?"

"ऐकतेय आई."

"मग आता निवांत काम कर."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, एक टोचणी. माझ्यावाचून तिचं चालू शकतं, हे मला हवं होतं आणि ते झालं होतं. तरी मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. ताईंनी वर पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. दूध प्यायली."

"मग रडतेस कशाला?"

मला कळलंच नव्हतं मी रडतेय ते. ताईंनी आपली खुर्ची थोडी सरकवली, माझी बाजूला ओढली, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. "ये. बस इथे. हे पत्ते माझ्याबरोबर वाच," त्या म्हणाल्या, आणि पहिली ओळ मोठ्याने वाचायला लागल्या.